४ जीबीच्या यंत्रात ५ जीबीचा पत्ता येतो कुठून? ई८२० आणि यूईएफआयच्या मेमरी मॅपविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते स्वतःचा छोटा बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीत उतरवणारा प्रोग्रॅम, लिहीत आहेत. तो बायोसला, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरला, ई८२० या कॉलने मेमरीची यादी विचारतो, वापरण्याजोग्या नोंदींच्या लांबीची बेरीज करतो, त्या बेरजेलाच मेमरीचा शेवट धरतो आणि त्याच्या १ एमबी अलीकडे पेज टेबल (प्रोग्रॅमचे पत्ते मेमरीच्या खऱ्या पत्त्यांशी जोडणारा तक्ता) मांडतो. क्यूईएमयू या आभासी यंत्रात ५१२ एमबी मेमरी देऊन हे सुरळीत चालले. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र बेरीज ३.८ जीबीच्या आसपास आली, यादीतला शेवटचा पत्ता ५ जीबीच्या जवळ गेला आणि पेजिंग, म्हणजे त्या तक्त्याचा वापर, सुरू करताच यंत्र रीसेट झाले. बायोस चुकीची माहिती देतो आहे का, त्याला ही माहिती मुळात मिळते कुठून, आणि बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय या फर्मवेअरवर गेल्यास हा त्रास संपेल का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा बायोस बहुधा बरोबर सांगतो आहे. तुम्ही त्याला एक प्रश्न विचारला आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे समजून वापरले. ‘मेमरी किती आहे’ हा एक प्रश्न आणि ‘कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत मला लिहिता येईल’ हा दुसरा. ई८२० फक्त दुसऱ्याचे उत्तर देते. आपल्याकडच्या सातबाऱ्याचा दाखला येथे चपखल बसतो. उताऱ्यावर एकूण क्षेत्र असते, पण त्यात पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो, इतर हक्कांत बोजा असतो, आणि एखाद्या शेतकऱ्याची जमीन तीन गटांत विखुरलेली असू शकते. तिन्ही गटांचे क्षेत्र मिळवून ‘गावाच्या वेशीपासून इतक्या एकरांपर्यंत माझेच’ असे कोणी म्हटले, तर तो शेजाऱ्याच्या विहिरीत नांगर घालील. तुमच्या पेज टेबलचे नेमके तेच झाले आहे.

हे आकड्यांनी पाहू. ३२ बिटांच्या पत्त्यांनी ४ जीबीपर्यंतच पोहोचता येते, आणि या ४ जीबीच्या वरच्या टोकाला मेमरीखेरीज अनेकांना जागा लागते. फर्मवेअरची फ्लॅश चिप अगदी टोकाला बसते, कारण प्रोसेसर रीसेट झाल्यावर आपली पहिली सूचना ४ जीबीच्या १६ बाइट अलीकडून उचलतो. त्याच्या खाली लोकल एपिक आणि आयओ एपिक या इंटरप्ट हाताळणाऱ्या भागांची रजिस्टरे, पीसीआय एक्सप्रेसच्या कॉन्फिगरेशनसाठी २५६ बसेस धरल्यास २५६ एमबी, आणि ग्राफिक्स कार्डापासून नेटवर्क कार्डापर्यंत प्रत्येकाचे बार, म्हणजे त्या उपकरणाला दिलेले पत्त्यांचे पट्टे. या सगळ्यांसाठी फर्मवेअर ४ जीबीच्या खाली एक मोठे भोक राखते. ते कुठून सुरू करायचे हे बोर्डावर आणि जोडलेल्या उपकरणांवर अवलंबून असते. ते ३ जीबीपासून सुरू झाले असे धरा. मग तुमच्या ४ जीबी मेमरीपैकी ३ जीबी खाली राहते आणि उरलेली १ जीबी मेमरी कंट्रोलर ४ जीबीच्या वर सरकवून ४ ते ५ जीबी या पत्त्यांवर दाखवतो. शेवटचा पत्ता ५ जीबी आला तो असा. बेरीज ४ ऐवजी ३.८ भरली, कारण अंगच्या ग्राफिक्ससाठी आणि सिस्टिम मॅनेजमेंट मोड या फर्मवेअरच्या स्वतःच्या कामाच्या मोडसाठी फर्मवेअरने काही मेमरी आधीच कापून घेतली. आता ३.८ जीबी हा पत्ता कुठे पडतो ते पाहा: थेट भोकात. तेथे मेमरी नाही. लिहिलेले टिकत नाही, आणि ज्या पत्त्यावर कोणतेच उपकरण हक्क सांगत नाही तो वाचल्यास पीसीवर सहसा सगळे बिट १ मिळतात. अशा पेज टेबलावर पेजिंग सुरू केले तर पहिली सूचना उचलतानाच पेज फॉल्ट (या पत्त्याचे भाषांतर होत नाही अशी प्रोसेसरची तक्रार) येणार, तो हाताळणारा कोड त्याच टेबलातून शोधावा लागणार, म्हणून दुहेरी, मग तिहेरी फॉल्ट, आणि रीसेट.

५१२ एमबीवर हे उघडकीस आले नाही, कारण तेथे भोकापर्यंत मजल जातच नव्हती. तुमचे पेज टेबल साधारण ५१०.५ एमबीवर पडले आणि तेथे खरोखर मेमरी होती. लॅपटॉपला हात न लावता हीच चूक पुन्हा घडवायची असेल, तर क्यूईएमयूच्या जुन्या आय४४०एफएक्स यंत्राला ४ जीबी मेमरी द्या: तो ३ जीबी खाली ठेवतो आणि १ जीबी वर सरकवतो. ८ जीबी दिल्यास शेवटचा पत्ता ९ जीबी येतो. क्यू३५ या नव्या यंत्रात ८ जीबीपैकी २ जीबीच खाली राहते आणि शेवटचा पत्ता १० जीबीवर जातो. मेमरी तेवढीच, चिपसेट बदलला की मांडणी वेगळी. म्हणून कोणत्याही एका यंत्रावर पाहिलेला पत्ता कोडमध्ये पक्का बसवू नये.

फर्मवेअरला हे कळते कसे, हा तुमचा दुसरा प्रश्न. यंत्र सुरू होताना मुख्य मेमरी चालू नसते, म्हणून फर्मवेअर प्रोसेसरची कॅशच काही काळ मेमरीसारखी वापरते. मग प्रत्येक मेमरी मॉड्यूलवरच्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमधून, एसएमबससारख्या दोन तारांच्या बसवरून, त्या मॉड्यूलची क्षमता आणि वेळमाने वाचते, मेमरी कंट्रोलरला त्यानुसार बसवते आणि सिग्नल जुळवून घेते. यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यानंतर भोक कुठून सुरू करायचे ते ठरवून फर्मवेअर स्वतःच कंट्रोलरच्या रजिस्टरांत सीमा लिहिते. इंटेलच्या चिपसेटमध्ये खालच्या मेमरीच्या टोकाला टोलूड आणि वरच्या टोकाला टूड म्हणतात. एएमडीवर टॉप_मेम आणि टॉप_मेम२ ही रजिस्टरे तेच काम करतात. म्हणजे ई८२०ची यादी ही कोणी मोजून काढलेली गोष्ट नसून, फर्मवेअरने स्वतः केलेल्या वाटपाची नोंद आहे. मेमरीत लिहून आणि परत वाचून तिचा शेवट शोधण्याचा जुना मार्ग याच कारणाने टाकून द्यावा. भोकात चाचपडताना एखाद्या उपकरणाच्या रजिस्टरात लिहिले गेले तर काय होईल ते सांगता येत नाही.

आता खुद्द कॉल. इंटरप्ट १२ (येथले कॉलचे क्रमांक हेक्साडेसिमल आहेत) फक्त ६४० केबीपर्यंतचे सांगत असे. इंटरप्ट १५चा ८८ क्रमांकाचा कॉल १ एमबीच्या वरची मेमरी १६ बिटांत केबीने देई, म्हणून ६४ एमबीच्या आसपास थकत असे. ई८०१ने १६ एमबीच्या खालचे आणि वरचे असे दोन आकडे दिले, पण भोके सांगण्याची सोय त्यातही जवळपास नव्हती. ई८२०मध्ये प्रथमच नोंदींची यादी आली. प्रोसेसरच्या ईएएक्स रजिस्टरात जो क्रमांक भरायचा तेच तिचे नाव झाले, आणि आज तिची व्याख्या एसीपीआय या वीज आणि उपकरणांविषयीच्या फर्मवेअर मानकाच्या तपशिलाच्या १५ व्या प्रकरणात आहे. ईडीएक्समध्ये ‘एसएमएपी’ या चार रोमन अक्षरांची खूण, ईसीएक्समध्ये बफरचा (उत्तर ठेवायच्या जागेचा) आकार, ईएस:डीआयमध्ये बफरचा पत्ता आणि पहिल्या वेळी ईबीएक्समध्ये शून्य, असे भरून कॉल करायचा. परत येताना एक नोंद मिळते: ८ बाइटांचा आरंभ पत्ता, ८ बाइटांची लांबी आणि ४ बाइटांचा प्रकार. ईबीएक्समध्ये जे येईल ते जसेच्या तसे पुढच्या कॉलला द्यायचे. त्यात शून्य आले की यादी संपली.

या साध्या कृतीत माझे जितके दिवस गेले आहेत तितके पेजिंगमध्येही गेले नसतील, म्हणून काही बाबी तपशिलाने सांगतो. ईडीएक्समधली खूण प्रत्येक कॉलच्या आधी नव्याने भरा, कारण काही बायोस ती पुसतात. काही बायोस शेवटी ईबीएक्स शून्य न करता त्याच्या पुढच्या कॉलला कॅरी फ्लॅग (येथे चूक सुचवणारा प्रोसेसरचा एक बिट) उभा करतात. पहिल्याच कॉलला कॅरी आला तर ती चूक समजा, नंतर आला तर यादीचा शेवट समजा. नोंद २० बाइटांची किंवा एसीपीआय ३.० पासून २४ बाइटांची असू शकते. जादाच्या ४ बाइटांतला सर्वांत खालचा बिट शून्य असेल तर ती नोंद सोडून द्यायची असते. म्हणून २४ बाइट मागताना त्या जागी आधी १ लिहून ठेवा, म्हणजे बायोसने २०च बाइट भरले तरी जुना कचरा वाचून चांगली नोंद टाकली जाणार नाही. बफरही ऐसपैस ठेवा. लिनक्सच्या बूट प्रोटोकॉलमध्ये मूळ तक्त्यात १२८ नोंदींची जागा आहे, आणि ती अपुरी पडू शकते म्हणून वाढीव नोंदींची वेगळी सोय करावी लागली, यावरून अंदाज घ्या.

क्यूईएमयूला १२८ एमबी दिल्यावर त्यातला सीबायोस नावाचा बायोस काय देतो ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ० ते ६३९ केबी वापरण्याजोगी. ६३९ ते ६४० केबी राखीव, कारण तेथे बायोसचा वाढीव डेटा एरिया आहे. ९६० केबी ते १ एमबी राखीव. १ एमबीपासून १२७ एमबी ८९६ केबीपर्यंत वापरण्याजोगी. शेवटचे १२८ केबी राखीव. आणि ४ जीबीच्या टोकाचे २५६ केबी राखीव. यात ६४० ते ९६० केबी या पट्ट्याचा उल्लेखच नाही, हे नजरेतून सुटते. तेथे व्हिडिओ मेमरी आणि ऑप्शन रॉम (कार्डांचे स्वतःचे फर्मवेअर) असतात. यादीत नाही याचा अर्थ मोकळे आहे असा होत नाही; उताऱ्यावर ज्या तुकड्याची नोंद नाही त्यावर आपण पेरणी करत नाही. दुसरी बाब ६३९ची. ४ केबीच्या पेजने भागले तर १५९ पेज आणि वर ३ केबी उरतात. ते ३ केबी तुमचे असले तरी त्या पेजचा चौथा केबी बायोसचा आहे, म्हणून वापरण्याजोग्या पट्ट्याचा आरंभ पेजच्या हद्दीपर्यंत वर आणि शेवट हद्दीपर्यंत खाली घ्यावा. राखीव पट्ट्यांचे याच्या उलट करावे.

यादी क्रमाने येईल, एकमेकांवर पडणार नाही, असे कोणतेही वचन बायोस देत नाही. लांबी शून्य असलेल्या नोंदीही मी पाहिल्या आहेत. म्हणून प्रथम शून्य लांबीच्या नोंदी टाका, आरंभ पत्त्याने क्रम लावा, आणि दोन नोंदी एकाच पत्त्यावर दावा करत असतील तर अधिक बंधन घालणारी खरी धरा. लिनक्स येथे साधा नियम वापरते: प्रकाराचा क्रमांक मोठा असेल ती नोंद जिंकते. १ म्हणजे वापरण्याजोगी, २ राखीव, ३ म्हणजे एसीपीआयचे तक्ते, जे वाचून झाल्यावर जागा परत घेता येते, ४ म्हणजे झोपेतून उठतानाही जशीच्या तशी राहावी लागणारी एसीपीआय एनव्हीएस, ५ म्हणजे बिघडलेली आणि ७ म्हणजे कायमस्वरूपी मेमरी. ओळखीचा नसलेला कोणताही क्रमांक आला तर तो राखीव समजा.

येथवरचे सगळे पाळूनही एक खड्डा उरतो. बायोस ० ते ६३९ केबी वापरण्याजोगी म्हणतो, पण त्या पट्ट्यात पहिल्या १ केबीमध्ये इंटरप्टचा तक्ता, त्याच्या पुढे बायोसचा डेटा, ३१ केबीवर तुम्ही स्वतः, आणि जवळपास कुठेतरी तुमचा स्टॅक आहे. १ एमबीवर तुम्ही कर्नल उतरवला हेही बायोसला ठाऊक नाही. या गोष्टी यादीतून तुम्हीच वजा करायच्या. काही बायोस खालच्या मेमरीत कर्नल सुरू झाल्यावरही ढवळाढवळ करत आले आहेत. म्हणून लिनक्स पूर्वी डीफॉल्टने पहिले ६४ केबी बाजूला ठेवत असे आणि ५.१३ पासून एक्स८६वर, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरांवर, पहिला १ एमबी सरसकट राखून ठेवते. मीही तेच करतो. एका एमबीसाठी रात्री जागवण्यात अर्थ नाही.

यूईएफआयने त्रास संपेल का? काही संपेल, काही नवा येईल. तेथे गेटमेमरीमॅप ही बूट सर्व्हिस (तुम्ही ताबा घेईपर्यंत मिळणारी फर्मवेअरची सेवा) एकाच वेळी पूर्ण यादी देते, सगळे पट्टे ४ केबीच्या पेजमध्ये मोजलेले असतात आणि तुमचा बूटलोडर स्वतः ‘लोडर कोड’ म्हणून यादीत दिसतो, कारण त्याला उतरवणारे आणि त्याला जागा देणारे फर्मवेअरच असते. भोकाचा प्रश्न मात्र तसाच राहतो. बेरीज करून पत्ता काढाल तर यूईएफआयवरही तेथेच आपटाल.

नव्या खड्ड्यांपैकी पहिला आकाराचा. एका नोंदीचे स्ट्रक्चर आज ४० बाइटांचे आहे, पण एका नोंदीपासून पुढची नोंद किती अंतरावर आहे हे फर्मवेअर वेगळे सांगते, आणि ईडीके२ या यूईएफआयच्या खुल्या कोडवर आधारलेली फर्मवेअरे तेथे बहुधा ४८ देतात. साध्या ॲरेसारखे पुढे सरकलात तर पहिली नोंद बरोबर येते, दुसरी ८ बाइट आधी वाचली जाते आणि पुढे सगळा गोंधळ. क्यूईएमयूसाठीच्या ओव्हीएमएफ फर्मवेअरवर ही चूक लगेच पकडता येते, म्हणून प्रत्यक्ष यंत्रावर जाण्याआधी तेथे चालवून पाहा.

दुसरा खड्डा माझ्या स्वतःच्या पायाखालचा आहे. यादीबरोबर फर्मवेअर एक किल्ली देते, आणि फर्मवेअरचा ताबा सोडताना एक्झिटबूटसर्व्हिसेसला ती दाखवावी लागते. मधल्या काळात मेमरीचे वाटप बदलले असेल तर किल्ली शिळी होते आणि कॉल नाकारला जातो. फेरफार नोंदला गेल्यावर जुना उतारा चालत नाही, तसेच. एका कामात माझा लोडर दहापैकी नऊ वेळा सुरू होई आणि दहाव्यांदा ‘चुकीचा पॅरामीटर’ म्हणून थांबे. मी दोन दिवस कर्नलचे हेडर तपासत बसलो. चूक एका ओळीत होती: यादी घेतल्यावर आणि ताबा सोडण्याआधी मी स्क्रीनवर ‘कर्नलकडे जात आहे’ असे छापत होतो, आणि त्या छपाईसाठी फर्मवेअरचा कन्सोल कधी कधी स्वतःसाठी मेमरी मागत होता. तेव्हापासून या दोन कॉलच्या मध्ये मी काहीही ठेवत नाही, आणि नकार आल्यास नवी यादी घेऊन पुन्हा प्रयत्न करणारा छोटा लूप लिहितो. पहिल्या नकारानंतर फर्मवेअर अर्धवट बंद झालेले असू शकते, म्हणून त्या लूपमध्ये मेमरीच्या सेवांखेरीज दुसरे काही बोलवायचे नाही. बफरही आधीच थोडा मोठा घ्यायचा, कारण बफर मागण्यानेच एखादी नोंद दुभंगून यादी लांबते.

तिसरी बाब प्रकारांची. यूईएफआयमध्ये प्रकार ७ हा मोकळ्या मेमरीचा आहे. पण ताबा सोडल्यानंतर लोडरचे (१ आणि २) आणि बूट सर्व्हिसेसचे (३ आणि ४) पट्टेही तपशिलानुसार तुमचे होतात. रनटाइम सर्व्हिसेसचे (५ आणि ६) कधीच होत नाहीत, कारण घड्याळ आणि फर्मवेअरची चले वाचताना कर्नल पुढेही त्यांना बोलावतो. येथेही कागद आणि व्यवहार यांत अंतर आहे: काही फर्मवेअरे बूट सर्व्हिसेसच्या पट्ट्यांत नंतरही डोकावतात, म्हणून लिनक्स एक्स८६वर रनटाइम सेवांचे पत्ते बसवून होईपर्यंत ते पट्टे राखून ठेवते. घाई नसेल तर तुम्हीही ठेवा.

छोट्या एआरएम बोर्डांवर हाच मजकूर बहुधा डिव्हाइस ट्रीमधून येतो, मेमरीच्या नोडमध्ये पट्टे आणि राखीव मेमरीच्या नोडमध्ये अपवाद. तुमचा प्रश्न पीसीचा असल्याने त्यात शिरत नाही.

तुमच्या कोडमध्ये आता इतके करा. बेरीज केवळ स्क्रीनवर दाखवण्यासाठी ठेवा, पत्ता काढण्यासाठी नको. स्वच्छ केलेल्या यादीत ४ जीबीच्या खाली संपणारा, पेज टेबल मावेल असा सर्वांत वरचा वापरण्याजोगा पट्टा शोधा आणि त्याच्या शेवटापासून मागे मोजा. तुम्ही ३२ बिटांच्या मोडमध्ये असल्यामुळे ४ जीबीच्या वरचा पट्टा या कामी येणार नाही. लॅपटॉपवर ग्रब हा बूटलोडर असेल तर त्याच्या कमांड ओळीवर ‘एलएसएमएमएपी’ ही कमांड तीच यादी दाखवते, तुमच्या यादीशी ती ओळीने ओळ ताडून पाहा. दोन्ही जुळल्या आणि तरीही यंत्र रीसेट झाले, तर येथे पूर्ण यादी, पेज टेबलचा पत्ता आणि सीआर३ या तो पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरात काय भरले तेवढे लिहा. मग चूक मेमरी मॅपच्या पलीकडे, पेज टेबलच्या नोंदींत शोधावी लागेल.